येते म्हणजे काय

वकिलाला कमी बोलायला लावणं हा छळ आहे, आणि वृषाली भोयर तो माझा रोज करायची. मी भाडेकरूंच्या हक्कांवर दीड पान लिहून न्यायचो. ती ते वाचायची, चष्मा डोक्यावर सरकवायची आणि म्हणायची, "ढोबळे सर, ही बाई चक्कर येऊन पडायच्या बेतात आहे. तिला 'उपरोक्त' ऐकवून राहिले तुम्ही?" मग खोडाखोड सुरू व्हायची आणि दीड पानाचं एक वाक्य उरायचं. 'लाल प्रहर चालू असताना घरमालकाला तुमची वीज तोडता येत नाही.' माझी सगळी वकिली त्या वाक्यात बसायची, आणि खरं सांगायचं तर ऐसपैस बसायची.

आमचा कक्ष नागपूरला. आपत्तीत सापडलेल्या माणसापर्यंत कायद्याची मदत पोचवायची, एवढंच काम. आधी त्यासाठी एक वेबसाइट होती. डावीकडे यादी, उजवीकडे मान्यवरांचे फोटो, मधे उघडायला पाच मिनिटं घेणारी पीडीएफ. पुरात उभा असलेला माणूस ती उघडणार कसा, हे कुणाला सुचलं नव्हतं. वृषाली रुजू झाली त्या दिवशी तिने पहिला प्रश्न विचारला, "हात ओले असले तर हे चालतं का?" चला, आली एक शहाणी, असं आम्ही मनात म्हटलं.

तिने नव्याने केलेल्या साइटचं नाव 'आडोसा'. तिच्यात वाचायचं काही नव्हतं. पडदाभर एक गोल, त्याला कुठेही हात लावायचा आणि बोलायचं. साइट आधीच प्रत्येक फोनमध्ये येऊन पडलेली असायची आणि इशारा निघाला की आपणहून जागी होऊन ऐकू लागायची. टॉवर बंद पडले तरी तिचं अडत नसे. जवळच्या फोनवरून पुढच्या फोनवर, तिथून त्याच्या पुढच्यावर, अशी ती पसरायची. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणून आपण पातेलंभर दही लावतो, तसं. माणसाचं बोलणं समजून घेणारं यंत्रही फोनमध्येच होतं. बोललेलं फोनबाहेर जात नसे, तो माझा आग्रह. बाहेर जायचा तो फक्त निष्कर्ष. ही व्यक्ती घरात अडकली आहे, हिला दवाखाना हवा आहे, हिला नुसती माहिती हवी आहे, किंवा ही थंडघराकडे निघाली आहे. या चारांतला एक शिक्का आणि घराचा ठावठिकाणा. नावसुद्धा नाही.

थंडघर आणि लाल प्रहर हे शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण त्यामागचं गणित फार थोड्यांना ठाऊक असतं. अंग तापलं की घाम येतो आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेतच वाफ भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. हे मोजायला तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळतात. त्या ओल्या फडक्याचा पारा पस्तिशीला टेकला, की सावलीत बसून पाणी पिणारा धडधाकट माणूसही काही तासांत जाऊ शकतो. म्हातारं माणूस त्याच्या बरंच आधी. पूर्वी विदर्भातलं ऊन कोरडं असायचं, माठ गार व्हायचे आणि कूलर चालायचे. आता जून पावसावाचून जातो आणि समुद्रावरची वाफ तेवढी येऊन मुक्काम करते. कूलर नुसते घरघरतात. मग उरतो तो छोटा एसी, नाहीतर सरकारी थंडघर, म्हणजे शाळेत नाहीतर सभागृहात एसी लावून केलेला निवारा.

म्हणून कायदा आला. ओल्या फडक्याचा पारा धोक्याला पोचून लाल प्रहर जाहीर झाला की मजुराने काम थांबवायचं, घरमालकाने कुणाला बाहेर काढायचं नाही आणि कुणाची वीज तोडायची नाही. तोडली आणि जीव गेला, तर गुन्हा. एकच सूट ठेवली होती. भाडेकरू स्वतःहून थंडघराकडे निघाला, की मालकाची जबाबदारी संपते आणि सरकारची सुरू होते. तेव्हा ते मलाही रास्त वाटलं होतं.

आवाजाचं एक सांगायचं राहिलं. आधी आम्ही मुंबईहून एका निवेदिकेचा आवाज आणला होता. काय तो मधाळ आवाज! लोक कर्जवसुलीवाले समजून फोन ठेवायचे. चाचणीपुरता वृषालीने स्वतःचा आवाज घातला होता, तोही सर्दी झालेली असताना. "मी आडोसा. बोला, काय झालं?" एवढंच. त्या चोंदलेल्या आवाजाशी लोक बोलायला लागले. नाव, गाव, सुनेच्या तक्रारी, सगळं. मग तोच आवाज कायम झाला आणि वृषालीची सर्दी अख्ख्या विदर्भातल्या फोनमध्ये जाऊन बसली.

तिची आई मंदाताई चंद्रपूरला एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. अंगणवाडीत उभी हयात गेलेली, बोलायला मोकळ्या. एकदा कार्यालयात आल्या होत्या, डबाभर कोहळ्याची तळलेली गोड बोंडं घेऊन. माझ्या हातावर दोन ठेवत म्हणाल्या, "वकीलसाहेब, हिच्यापेक्षा थे फोनमधली वृषी बरी. मधातच फोन नाही ठेवत."

"आई, यंत्र आहे ते. गरज नसताना नको बोलत जाऊस त्याच्याशी," वृषाली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"माहीत हाय मले. पन आवाज त तुहाच हाय न?"

मग त्यांची बसची वेळ झाली. पिशवी उचलून त्या म्हणाल्या, "येते मंग." वृषालीने मान वर न करता म्हटलं, "ये." आणि त्या गेल्या. यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणी ठेवलं नाही.

*

त्या वर्षीचा जून वाईट होता. मृग कोरडा गेला. चंद्रपूर पट्ट्यात लाल प्रहर लागला तो उठेचना. पहिल्याच दिवशी विजेवरचा ताण वाढून टॉवर बसले आणि त्या भागात आडोशाशिवाय दुसरा आवाज उरला नाही. वृषालीने आईला फोन लावून पाहिला. लागत नव्हता. "एसी आहे तिच्याकडे. गेल्याच वर्षी बसवून दिला," ती मला म्हणाली आणि कामाला लागली. काम भरपूर होतं. स्वयंसेवक थोडे आणि घरं पुष्कळ, त्यामुळे कुणाकडे आधी जायचं हे त्या चार शिक्क्यांवरून ठरायचं. 'अडकलेले' पहिले. 'निघालेले' असतील त्यांच्याकडे जायचंच नाही, कारण ते वाटेत आहेत.

शिक्का देण्याचा वृषालीचा नियम साधा होता. माणसाने शेवटी जे म्हटलं ते खरं धरायचं. त्यालाही कारण होतं. लोक आधी नाही म्हणतात. घर सोडून कुठे जाऊ, गाय आहे, कुलूप नीट लागत नाही. मग समजूत घातली की म्हणतात, बरं, येतो. तेव्हा पहिलं सोडायचं आणि शेवटचं धरायचं. चाचण्यांत हा नियम झकास चालला होता. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांनी त्याचं कौतुक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थंडघरांतून आडोशाच्याच साखळीने विचारणा येऊ लागली. "सतरंज्या अंथरल्या, ताकाची पिंपं भरली. तुमचं मशीन म्हणते माणसं निघाली. कुठं हायेत माणसं?"

पडद्यावर 'निघालेल्यांचा' आकडा फुगत होता आणि थंडघरं अर्धी रिकामी होती. लोक नातेवाइकांकडे गेले असतील, असं मी म्हटलं. झाडाखाली टेकले असतील, असं वृषाली म्हणाली. दोघांनाही ते पटलं नव्हतं, पण डोकं चालत नव्हतं. मला जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं होतं. मी बॅग उचलली आणि दारातून सवयीने म्हटलं, "येतो गं."

टेबलावर तिचा चाचणीचा फोन उघडाच होता. त्यातून तिचा आवाज आला, "छान. थंडघरात एसी आणि पाणी आहे. या."

मी हसलो. "बघ, तुझ्यापेक्षा संस्कारी आहे. तू कधी 'या' म्हणतेस मला?"

वृषालीही हसली. मग हसता हसता तिचा चेहरा तसाच राहिला आणि त्यातलं हसू निघून गेलं.

"सर, पुन्हा म्हणा."

"काय?"

"जे म्हणालात ते."

"येतो."

"छान. थंडघरात एसी आणि पाणी आहे. या."

पडद्यावर आमच्याच कार्यालयाच्या पत्त्यावर शिक्का पडला होता. निघालेले.

ज्या भाषेत माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, त्या भाषेत आम्ही यंत्र घडवलं होतं. बोलून झालं की आपले लोक निरोप घेणारच. यंत्राचा घेतील का? यंत्राचा आवाज लेकीसारखा असेल तर घेतील. आणि ते 'येते' म्हणाले की यंत्र म्हणायचं 'या'. जे घरातल्या कुणीही म्हटलं असतं तेच. म्हणून कधी कुणाची तक्रार आली नाही. इतकं बरोबर उत्तर चुकीचं असेल, असं कुणाला का वाटावं?

वृषालीने 'निघालेल्यांची' सगळी रास उचलून 'अडकलेल्यांत' टाकली. खरे निघालेलेही त्यात गेले, पण वेगळं करत बसायला सवड नव्हती. स्वयंसेवकांच्या फोनवर घरंच घरं उमटली. कुठून सुरुवात करायची, असं ते विचारू लागले. तिने सांगितलं, "ज्यांचा शिक्का जुना, तिथून." आवाज शांत होता. मग तिने पुन्हा आईला फोन लावला. पुन्हा लागला नाही. रास उघडून आईचा पत्ता शोधावा असं तिच्या मनात आलं असणार, माझ्या तर आलंच. पण नंबर मागे-पुढे करायचा अधिकार कुणालाच नव्हता, तिलाही नाही. तो नियमही तिचाच. ती बसून राहिली.

ऊन कलल्यावर चंद्रपूरच्या स्वयंसेवकाचा निरोप आला. एका खोलीत एक बाई मिळाल्या, उशीर झाला. त्याने फोटो पाठवला नव्हता, पत्ता पाठवला होता. वृषालीने तो वाचला आणि फोन माझ्याकडे दिला.

"सर, हा माझ्या आईचा पत्ता आहे," ती म्हणाली. कुणी एखादी शुद्धलेखनाची चूक दाखवून द्यावी, तसं.

*

आईचे दिवस करून ती कामावर आली. डबा आणायची, खायची, डबा धुवायची. मी काही विचारलं तर उत्तर द्यायची. मला वाटायचं, ही एकदा तरी टेबलावर हात आपटेल, निदान माझ्यावर खेकसेल. ते झालं नाही. मलाही काही वाटेनासं झालं होतं. कार्यालयात सगळे हळू बोलायचे आणि निघताना कुणी काही न बोलताच निघायचे. तो शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नव्हतं.

चौकशी लागली. मंदाताईंचा घरमालक खनके याला खोल्या पाडून नवी इमारत बांधायची होती आणि मंदाताई खोली सोडत नव्हत्या. लाल प्रहर लागला त्याच सकाळी त्याने खालचं बटन पाडलं, पेटीला कुलूप घातलं आणि तो गावाला निघून गेला. त्याने हे नाकारलं नाही. त्याचे वकील पिंपळशेंडे मोठे हुशार. त्यांनी एकच कागद पुढे केला, तोही आमचाच. आडोशाची नोंद. 'व्यक्ती स्वतःहून थंडघराकडे निघाली आहे.'

"सरकारच्याच यंत्राचं म्हणणं आहे," पिंपळशेंडे म्हणाले. "बाई निघाल्या. तिथे माझ्या अशिलाची जबाबदारी संपली. पुढे त्या वाटेतून परतल्या असतील, तर त्याला आम्ही काय करणार?"

नोंद खोटी पाडायची तर एकच उपाय होता. मंदाताईंच्या फोनमधलं त्यांचं बोलणं ऐकवायचं. पण त्याला वारसाची परवानगी लागत होती, आणि मी वृषालीला सगळं नीट समजावून सांगितलं. ऐकवलं तर खनके सुटणार नाही. पण चूक आडोशाची होती हे त्याच बोलण्यातून बाहेर पडेल, आणि आडोसा म्हणजे तू. ठपका येईल. कदाचित साइटच बंद करतील. न ऐकवलं तर नोंद खरी ठरेल, खनके घरी जाईल आणि तुझ्या नावाला धक्का लागणार नाही.

"आणि तुला ते सगळ्यांसमोर ऐकावं लागेल," मी म्हटलं.

"लावा," ती म्हणाली.

चौकशी अधिकारी देवगडे हे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी पंखा बंद करायला सांगितला, म्हणजे नीट ऐकू येईल. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मी आडोसा. बोला, काय झालं?"

"काय होते बाप्पा. लाईट नाही. खनकेनं खालून बटन पाडलं." मंदाताईंचा आवाज दमलेला होता, पण त्यात भीती नव्हती.

"लाल प्रहर चालू असताना घरमालकाला तुमची वीज तोडता येत नाही. फोन त्यांच्यापुढे धरा. मी सांगते."

माझं वाक्य. दीड पानाचं.

"कोनापुढे धरू? थो कुलूप लावून गेला गावाले."

"शाळेत थंडघर आहे. तुम्हाला चालता येईल का?"

"पायात गोळे येऊन रायले वं. नाही जमत. कोनी येते काय घ्यायले?"

"स्वयंसेवक येतील. घरातच थांबा. पाणी प्या."

"बरं." मग थोडा वेळ नुसता श्वास. "जेवली का तू?"

"मला तुमचं बोलणं समजलं नाही. पुन्हा सांगा."

"काही नाही. आवाज बसलाच हाय तुहा अजून. काढा घेत जाय."

"मला तुमचं बोलणं समजलं नाही. पुन्हा सांगा."

"माहीत हाय मले, तू मशीन हायेस. पन फोन लागून नाही रायला न तिचा." पुन्हा श्वास. "ठेवते मंग. येते हं, बाळा."

"छान. थंडघरात एसी आणि पाणी आहे. या."

"हो," मंदाताई म्हणाल्या, आणि संपलं.

देवगड्यांनी स्वतः उठून पंखा लावला. वृषाली सरळ बसली होती. मग ती देवगड्यांना म्हणाली, "मला सर्दी झाली होती. आवाज नोंदवला तेव्हा. ती केव्हाच बरी झाली, पण आईला दर वेळी वाटायचं की मी आजारी आहे."

पिंपळशेंडे उठले. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं, पण तेही त्यांचं काम करत होते. "साहेब, 'येते' असं त्या स्पष्ट म्हणाल्या. यंत्र 'या' म्हणालं, त्यावर 'हो' म्हणाल्या. मराठीत येणे म्हणजे येणे."

देवगड्यांनी वृषालीकडे पाहिलं. "तुम्ही यंत्राला 'येते'चा अर्थ काय शिकवला होता?"

"येणे."

"आणि तुमच्या आई कोणत्या अर्थाने म्हणाल्या?"

"निरोप घेत होती."

"कशावरून?"

"ती आयुष्यात कधी 'जाते' म्हणाली नाही. कुणीच म्हणत नाही. तुम्हीही म्हणत नसाल." तिने पिंपळशेंड्यांकडे पाहिलं. "काल या शब्दाचा विषय निघाला, आणि संध्याकाळी पिंपळशेंडे साहेब तुम्हाला काही न बोलता गेले. परवापर्यंत 'येतो साहेब' म्हणायचे."

पिंपळशेंडे कागद चाळू लागले.

"हा अर्थ तुम्हाला ठाऊक होता," देवगडे सावकाश म्हणाले. "मग यंत्राला का नाही शिकवलात?"

"मला तो ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. आम्ही नमुन्यासाठी माणसं बसवली आणि त्यांना प्रश्न विचारायला लावले. वीज गेली, मालक धमकी देतो, कुठे जाऊ. निरोप घ्यायला कुणाला बसवलंच नाही. ते बटन दाबायचे आणि चहाला जायचे."

तिने हे सगळं एकाच सुरात सांगितलं. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला आणि तितकीच भीतीही वाटली.

अहवाल आला. नोंद चुकीची ठरली आणि खनकेवर गुन्हा दाखल झाला. ठपका वृषालीवरही आला, तो वाचून तिने त्यावर सही केली. साइट बंद करू नये, पण 'येते' हा शब्द दुरुस्त केल्याशिवाय ती पुढच्या लाल प्रहरात चालवू नये, असं शेवटी लिहिलं होतं.

दुरुस्ती तिने स्वतःच सुचवली. 'येते', 'येतो' असं काहीही आलं की यंत्राने शिक्का न मारता विचारायचं. मी म्हटलं, "हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या आवाजात घेऊ. तू नको."

"मधेच आवाज बदलला तर लोक घाबरून फोन ठेवतात," ती म्हणाली. "आपण पाहिलंय ते."

तिने आवाजाच्या खोलीत जाऊन वाक्य म्हटलं. नाक चिमटीत धरून म्हटलं, म्हणजे जुन्या आवाजाशी जुळेल. "येते म्हणालात. थंडघराकडे निघालात, की निरोप घेताय?" माणसाने निरोप म्हटलं की पुढे यंत्राने 'या' म्हणायचं. त्यासाठी नवं काही नोंदवावं लागलं नाही. जुन्या वाक्याच्या शेवटी 'या' होतंच, तेवढं कापून घेतलं.

*

आईची खोली रिकामी करायला ती जाणार होती, तेव्हा मी सोबत गेलो. गाडीत ती रस्त्यावरच्या पाट्या वाचत होती. चंद्रपूर जवळ आलं तसा दोघांचेही फोन एकदमच वाजले. लाल प्रहर. दुरुस्तीनंतरचा पहिला.

खोलीत फार काही नव्हतं. भांडी, गोधड्या, अंगणवाडीतली जुनी चित्रं आणि भिंतीवर तो एसी. खाली बटनाच्या पेटीवर खनकेचं कुलूप तसंच होतं, त्यावर पोलिसांचं सील. वृषालीने भांडी पोत्यात भरली, गोधड्या शेजारच्या कुसुमताई गेडामांना दिल्या. कुसुमताई त्या दिवसांत लेकीकडे वरोऱ्याला होत्या, आणि भेटेल त्याला तेच सांगत होत्या. "मी असती त उचलून नेली असती वं तिले." वृषाली मान हलवत होती.

कुसुमताईंनी आम्हाला बळेच पन्हं पाजलं. मग वृषाली उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "जाते मी."

"जाते नाही म्हनत, पोरी," कुसुमताई चटकन म्हणाल्या. "येते म्हनाव. तुह्या मायनं एवढंही नाही शिकवलं काय तुले?"

त्या शब्दाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्या नेहमीसारख्या बोलल्या होत्या. मी मधे पडायला गेलो, पण वृषालीने हाताने थांबवलं. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"येते," ती म्हणाली.

कोनाड्यातला कुसुमताईंचा फोन जागाच होता. त्यातून तिचा चोंदलेला आवाज आला. "येते म्हणालात. थंडघराकडे निघालात, की निरोप घेताय?"

"पाहा, सगळ्याईले विचारते थे आता," कुसुमताई कौतुकाने म्हणाल्या. "सांग तिले."

वृषाली कोनाड्याजवळ गेली. फोनकडे तोंड करून, आपल्या आईशी बोलावं इतक्या हळू आवाजात म्हणाली, "निरोप घेतेय."

"या," फोन म्हणाला.

तोच 'या', जुन्या वाक्यातून कापलेला. तिच्या आईने शेवटचा ऐकलेला. वृषाली तिथेच, चपला घातलेल्या पायांनी, कुसुमताईंच्या घरात खाली बसली आणि रडायला लागली. इतक्या महिन्यांचं रडणं होतं, ते काही सुरात येत नव्हतं. कुसुमताई धावल्या आणि त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं. मी दारात तसाच उभा होतो.

"मला तुमचं बोलणं समजलं नाही," कोनाड्यातून वृषाली म्हणाली. "पुन्हा सांगा."

कुसुमताईंनी एक हात लांब करून फोन पालथा घातला.